कॉन्सुल आला म्हणजे

मी नट आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण अर्ध्या देशाला ते पटत नाही. मटण घ्यायला गेलो की खाटीक सुरा खाली ठेवून विचारतो, "कॉन्सुलसाहेब, माझा मेव्हणा कोरियात अडकलाय, जरा बघता का?" मी म्हणतो, बाबा रे, मी नट आहे, मला बरगड्या दे. तो डोळा मारतो. "कळलं कळलं, चारचौघांत बोलता येत नसेल." आता अशा माणसापुढे काय डोकं आपटायचं.

मालिकेचं नाव 'सुखरूप'. परदेशात आमच्या किरगिझ लोकांची फजिती होते. कुणाचा पासपोर्ट हरवतो, कुणाची नवरी विमानतळावरच राहून जाते, आणि दूतावासातली माणसं धावपळ करून सगळं निस्तरतात. मी त्यांचा साहेब, कॉन्सुल तेमिरबेक. परदेश म्हणजे बिश्केकबाहेरच्या एका बंद पडलेल्या मोज्यांच्या कारखान्याचं मागचं अंगण, त्यात कुंडीतला प्लास्टिकचा ताड. आणि शेवटी जे खरा कॉन्सुल जन्मात करणार नाही ते मी करतो. सापडलेल्या माणसाला घेऊन थेट त्याच्या गावी जातो. त्याला फाटकामागे लपवतो, दारात टोपी काढतो, तोंड लांब करतो आणि म्हणतो, "आई, मन घट्ट करा." आई पांढरीफटक पडते. मी डोळे पुसतो. मग पोरगं धावत येतं आणि संगीत सुरू होतं. दर भागात हेच. दिग्दर्शिका चोल्पोन म्हणते, लोकांना हेच हवंय.

असेल बुवा. सुरुवातीला मला त्या रडण्याची लाज वाटायची, नंतर कंटाळा यायला लागला, आता काहीच वाटत नाही. डोळे सांगितल्यावर गळतात, थांब म्हटलं की थांबतात. माझी बायको गेली तेव्हाही आत काही हललं नव्हतं. लोक म्हणाले, धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा.

तर त्या शरद ऋतूत चित्रीकरण चालू असताना दोन माणसं कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. एक पन्नाशीचा, धिप्पाड, कुबात नावाचा. दुसरा तुर्दाके, पांढऱ्या दाढीचा, डोक्यावर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची उंच टोपी, हातात काठी. कोचकोरच्या पलीकडच्या गावाहून आले होते. म्हटलं, आला आणखी कुणाचा तरी मेव्हणा.

"जेनिश बायके," कुबात म्हणाला. मला एकदम बरं वाटलं, कारण थोरल्या भावाला हाक मारावी तशी त्याने माझ्या खऱ्या नावाने हाक मारली. "माझा पुतण्या कानिमेत रशियात इमारतीच्या कामावर होता. पडला तो. गेला. पेटी उद्या सकाळी येतेय."

"ऐकून वाईट वाटलं," मी म्हणालो. वाटलं नव्हतं, पण म्हणालो.

"त्याच्या आईला अजून ठाऊक नाही."

यात नवल काही नव्हतं. आमच्यात अशी बातमी फोनवर देत नाहीत. दूतावासातल्या मुलीनेसुद्धा आईला नाही, कुबातलाच फोन केला होता, आपल्यातलीच ती, तिला कळतं. गावातले म्हातारे एकत्र जमतात, जोडीने घरी जातात, बसतात, आडून आडून बोलतात. 'मेला' हा शब्द आपण काढायचा नाही. ऐकणाऱ्याने तो स्वतः उच्चारायचा, मगच बाकीच्यांनी टाहो फोडायचा.

"मग जा की तुम्ही," मी तुर्दाकेला म्हणालो.

"मला बघून ती दार उघडायची नाही," म्हातारा म्हणाला. "तिचा नवरा गेला तेव्हा आम्ही तिघं गेलो होतो. आम्हाला फाटकात बघितलं आणि आतून कडी लावली तिने. म्हणे, मी ऐकलं नाही तोवर तो जिवंत आहे. मढं दिवसभर अंगणात. शेवटी खिडकीतून ओरडून सांगावं लागलं. कुत्र्याला हाकलावं तसं सांगितलं आम्ही त्या बाईला. तेव्हापासून दोन म्हातारे एकत्र दिसले तरी ती कडी घालते."

"आणि उद्या पेटी आली," कुबात म्हणाला, "आणि वहिनीने ती फाटकातच बघितली, तर? तिला दुसरं कुणी नाही, बायके. ती तुमची मालिका बघते. एकही भाग चुकवत नाही. तुम्हाला ती दार उघडेल."

मी नाही म्हणालो. चांगलं दोनदा म्हणालो. पण चोल्पोन मागे उभी राहून सगळं ऐकत होती. "जा," ती म्हणाली, "तसाही आज उजेड नाही. सूट घालून जा, नाहीतर बाई ओळखायची नाही. आणि त्याच्यावर चहा सांडू नकोस, तो एकच आहे."

वाटेत तुर्दाकेने मला पढवलं. ससाण्याचं सांग. हातावरचा ससाणा होता, लाडका होता, एक दिवस उडाला, पायातली दोरी तुटली. मग थांब. "तुम्हा शहरवाल्यांना थांबताच येत नाही," तो म्हणाला. "तिने विचारलं की मान खाली घाल. तिने शब्द काढला की आम्ही आत येतो."

मी पाठ केलं. संवाद पाठ करणं हाच तर माझा धंदा. सहाव्या मजल्यावरून पडलेल्या पोराचं मला काहीच वाटत नव्हतं. खिडकीतून उतारावरच्या मेंढ्या बघत होतो आणि सूट गळ्याला काचत होता.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारणीच्या चुलीवर पाहुण्यांसाठी कणकेचे बोर्सोक तळले जात होते. शाळेमागे एका ट्रकवर यूर्तचे खांब आणि नमदे बांधून ठेवले होते. मयताचा तंबू तो, पण आईला कळल्याशिवाय उभारता येत नव्हता. तिचा फोन कुणीतरी दुरुस्तीला म्हणून पळवला होता. पुरुषमाणसं गोठ्यामागे बसून राहिली. कुबातने माझी कॉलर नीट केली आणि मला फाटकाशी सोडलं.

मी दार वाजवलं. कानिमेतच्या आईने, बुरमाकान एजेने, म्हणजे बुरमाकानताईने उघडलं. बारीक चणीची बाई, हात पिठाने भरलेले. मला बघून ती दचकली नाही, किंचाळली नाही. माझ्या खांद्यावरून फाटकाकडे बघितलं आणि हसली.

"आलात? मग त्याला कशाला लपवलंत थंडीत?"

मी टोपी काढली. दुसरं काही सुचलं नाही म्हणून काढली, आणि काढता काढता कळलं की काय करून बसलो.

"कानिमेत," ती फाटकाकडे बघून म्हणाली, "पुरे झाली नाटकं, ये आत." मग मला म्हणाली, "येऊ दे त्याच्या मनाने. लहानपणी पण असाच होता, हाक मारली की मुद्दाम यायचा नाही. या, बसा." तिने दाराला दगड लावला, ते सताड उघडं राहावं म्हणून, आणि मला घरातल्या मानाच्या जागी बसवलं.

मी ससाणा सुरू केला. हातावरचा होता, म्हटलं. लाडका होता. ती चहा ओतत होती आणि मान डोलवत होती. तिच्या गालावर खळी पडत होती. दोरी तुटली म्हटल्यावर तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. मला वाटलं, कळलं. पण ती हसू दाबत होती.

"हे नवीन आहे," ती म्हणाली. "मागच्या भागात त्या विणकरणीला घाबरवलंत ते इतकं चांगलं नव्हतं. पुढे सांगा."

मी थांबलो, म्हाताऱ्याने सांगितलं होतं तसा. मी जितका गंभीर होत होतो तितकी ती खुलत होती. उठून आत गेली, हात धुऊन आली, डोक्याला धुतलेला रुमाल बांधून आली. बसली आणि दाराकडे बघत राहिली. मीही बघत राहिलो. बाहेर कोंबड्या फिरत होत्या. कुणीतरी यावं असं मलाही वाटायला लागलं, खरं सांगतो. इतक्या वर्षांची सवय. मी तोंड लांब केल्यावर कुणीतरी येतंच.

कुणी आलं नाही. मग मी रीत मोडली.

"एजे, मी कॉन्सुल नाही. माझं नाव जेनिश. मी नट आहे, हा सूट कंपनीचा आहे. फाटकामागे कुणी नाही. तुमचा कानिमेत मेला."

तिने माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं.

"तुम्ही नट आहात हे मला ठाऊक आहे, बाबा. मी काय खुळी आहे का? नट आहात म्हणूनच तर मी दार उघडलं. असली बातमी द्यायला नटाला कोण पाठवतं? असल्या बातमीला म्हातारे येतात. ती काठ्या टेकत येणारी मंडळी. मी बघितलीय ती." तिने माझ्या पुढ्यातला वाडगा उचलला. "कानिमेतने तुम्हाला आणलंय, मला हसवायला. किती दिले हो त्याने तुम्हाला? नाही, नका सांगू. चहा गार झाला, दुसरा देते."

तिचं काही चुकत नव्हतं. मी तिच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. आम्ही सगळ्यांनी मिळून अशी खात्रीची सोय केली होती की बातमी तिच्यापर्यंत पोहोचूच नये.

मी उठून दारात गेलो आणि गोठ्याकडे हात केला.

तुर्दाके निघाला. त्याच्यामागे आणखी दोघं म्हातारे, मग कुबात, टोपी हातात घेतलेला. काठ्या टेकत, सावकाश, एका रांगेत. माझ्यामागे वाडगा खाली ठेवल्याचा आवाज आला. ती उठली आणि दाराशी आली. मला वाटलं, आता दगड लाथाडून दार लोटेल. मी बाजूलासुद्धा झालो, तिला लोटायचं असेल तर लोटू दे म्हणून. तिने दाराला हात लावला नाही. ती त्या म्हाताऱ्यांची पावलं बघत होती. ते उंबऱ्याशी आले आणि कुणी काही बोललं नाही. ससाण्याबद्दलही नाही.

"मेला का?" तिने तुर्दाकेला विचारलं.

त्याने मान खाली घातली.

मग सगळं रीतीने झालं. म्हाताऱ्यांनी काठीवर भार टाकून टाहो फोडला, गोठ्यामागून पुरुष धावत आले, शेजारणी आल्या. ट्रक अंगणात आला आणि खांब उतरायला लागले. बुरमाकान एजे भिंतीकडे तोंड करून बसली आणि मुलाचं नाव घेऊन शोकगीत म्हणायला लागली. आवाज बारीक होता, पण एकदाही चिरकला नाही.

मी दाराशी पुरुषांच्या रांगेत उभा राहिलो. बाकीचे रडत होते, आपणही रडायला हवं म्हणून तोंड उघडलं. आवाज आला. छातीभरून आला, नाट्यशाळेत शिकवतात तसा, सगळ्यांच्या वर चढला. डोळे वाहायला लागले. शेजारचा माणूस दुसऱ्याला म्हणाला, "बघ, कॉन्सुल कसा रडतोय, स्वतःचा मुलगा गेल्यासारखा." आत माझ्या काही म्हणजे काहीच होत नव्हतं. सूटवर पाणी पडतंय, एवढं दिसत होतं.

भिंतीकडचा आवाज थांबला. बुरमाकान एजेने वळून माझ्याकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता.

"तुम्ही नका रडू," ती म्हणाली. "तुम्ही रडलात की मला वाटतं, तो येईल."

मी तोंड मिटलं. ती भिंतीकडे वळली आणि पुन्हा म्हणायला लागली, आणि अंधार पडेपर्यंत मी तिथे गप्प उभा होतो.