खिडकीखालचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी डेकलची पट्टी आहे. मला स्टिकर म्हणू नका. स्टिकर मागचा कागद सोलला की कुठंही चिकटतं, वहीवर, फ्रीजवर, गाडीच्या काचेवर. मला आधी पाण्यात भिजवावं लागतं. मग कागदावरून माझी पापुद्र्यासारखी अक्षरं सुटतात आणि ती ओल्या कुंचल्यानं सरकवत छोट्या हेलिकॉप्टरच्या अंगावर बसवायची असतात. बसल्यावर बोटाला कड लागता कामा नये. कड लागली तर काम फसलं, असं मॉडेल बनवणारी माणसं मानतात. मीही तेच मानत होते. त्या मानण्यानं काय झालं ते आता ऐका.

माझा जन्म मार्लिस नावाच्या बाईच्या घरी झाला. कपडे धुवायच्या मशीनशेजारी तिचा एक म्हातारा प्रिंटर होता. तसले प्रिंटर आता कुणी बनवत नाही. अकरा वर्षांपूर्वी तिच्याकडे ऑर्विल टॅकेट आला. सैन्याच्या एका खास तुकडीत हेलिकॉप्टरं दुरुस्त करून तो नुकताच निवृत्त झाला होता. ती यंत्रं कुणाला दिसू नयेत म्हणून जवळजवळ काळी रंगवलेली असत, आणि त्यांच्यावरची अक्षरंही काळीच.

“काळ्यावर काळं छापू?” मार्लिसनं विचारलं. “दिसणार काय त्यात, कप्पाळ?”

“जवळ गेलं की दिसतं,” ऑर्विल म्हणाला. “तेवढंच पाहिजे.”

त्यानं एक चिठ्ठी पुढं केली. त्यावर नाव होतं, टोबिन लेडफोर्ड. हा टोबिन त्याच्या हाताखालचा पोरगा, सव्वीस वर्षांचा. तो यंत्रासोबत उडायचा आणि मागच्या खिडकीशी बसायचा. त्या खिडकीखाली त्याचं नाव ऑर्विलनंच साचा धरून रंगवलं होतं. ते हेलिकॉप्टर परक्या डोंगरात कोसळलं. आतलं कुणी परत आलं नाही, आणि ते नावही आलं नाही.

अंत्यसंस्काराच्या दिवशी टोबिनची आई इमोजीनबाई ऑर्विलला म्हणाली होती, “माझ्या लेकाचं नाव त्या यंत्रावर होतं म्हणे. कुठं होतं, कसं होतं, मला एकदा बघायचंय.” सैन्याच्या कचेरीनं सांगितलं, त्या तुकडीच्या यंत्रांचे फोटो देता येत नाहीत. म्हातारीनं लेक दिला तो घेता आला, फोटो मात्र देता येईना. तेव्हा ऑर्विलनं शब्द दिला, “मॅम, मी तुम्हाला तेच हेलिकॉप्टर करून देतो. लहान, पण अगदी तेच. नावासकट.”

त्या शब्दासाठी मी जन्मले.

मला पिशवीत घालताना मार्लिसनं बजावलं, “लवकर लाव रे बाबा. ही शाई चार-पाच वर्षांत तडकते. मग रडत येऊ नकोस. तोवर हा प्रिंटर मेलेला असेल.”

ऑर्विल हसला. लगेच लावतो म्हणाला.

आता मी तुम्हाला या मॉडेलवाल्यांची एक खोड सांगते. चांगली वस्तू ते वापरत नाहीत. ‘हात बसला की वापरू’ म्हणून जपून ठेवतात. घरोघरी तळघरात खोक्यांच्या भिंती उभ्या असतात, आत न जोडलेली विमानं आणि हेलिकॉप्टरं. खोक्यावर आग आणि धूर झोकात छापलेले असतात. आत बसलेल्यांची नावं कोणी छापत नाही.

ऑर्विलनं पहिलं हेलिकॉप्टर जोडलं. सांध्यावर केसाएवढी रेघ दिसली. “हे सरावाचं,” तो म्हणाला, आणि खोक्यात आलेली साधी डेकलं त्याला लावून टाकली. दुसऱ्याचा रंग एक छटा हिरवट झाला. तेही सरावाचं. तिसऱ्याची काच गोंदाच्या वाफेनं धुरकट झाली. अशी तेरा झाली. तेराही फळीवर ओळीनं उभी राहिली आणि एकावरही टोबिनचं नाव नव्हतं.

कौतुक मात्र माझं फार झालं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मॉडेलवाल्यांच्या क्लबची माणसं जमत, तिथं तो मला पिशवीतूनच दाखवायचा. दाढीवाले बाप्ये श्वास रोखून वाकायचे. “काय बारीक काम आहे,” म्हणायचे. मी फुगायचे. मित्रांनो, कौतुकानं पोट भरायला लागलं की काम करायची आठवण राहत नाही. माझी राहिली नाही, त्याची तर नाहीच नाही.

त्याची बायको नडीन तोंडाची फटकळ. ती मक्याचा पाव घेऊन तळघरात यायची आणि फळीकडे बघायची.

“चौदावं कधी?”

“हात अजून हवा तसा बसत नाही गं.”

“म्हातारी काय परीक्षक आहे? भिंग घेऊन सांधे बघणार आहे ती?”

“तुला नाही कळायचं. टोबिनचं आहे ते.”

“टोबिनचं नाही, तुझं आहे. भेटायला तरी जा तिला. अर्ध्या तासावर राहते.”

“रिकाम्या हातानं कसा जाऊ?”

आणि तो गेला नाही. अकरा वर्षं गेला नाही. दिलेला शब्द पुरा झाला नाही म्हणून तोंड दाखवायचं नाही, आणि तोंड दाखवलं नाही म्हणून शब्द आणखी जड व्हायचा. शूर माणूस म्हणून त्याला पदकं मिळाली होती. ती खोटी नव्हती. पण एका म्हातारीच्या दारावर टकटक करायची हिंमत त्याच्यात नव्हती, हे मी सांगणार. दुसरं कुणी सांगणार नाही.

मी ज्या खणात होते त्यातच इमोजीनबाईंची नाताळची कार्डं येऊन पडत. दरवर्षी एक. पहिल्यावर लिहिलं होतं, “ऑर्विल, घाई नको. मी आहे.” पुढं पुढं नुसतं “मी अजून आहे.” माझा पिंडच अक्षरांचा, म्हणून मला दिसत होतं की तिचं अक्षर वर्षावर्षाला मोठं होत चाललंय. सातव्या कार्डावर दोनच ओळी मावल्या. दहाव्यावर अक्षरं एकमेकांवर चढली होती. ऑर्विल लाजेनं वाचायचाच नाही, पाकीट फोडून कार्ड न बघताच खणात ढकलायचा. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. तोवर माझा पापुद्राही पिवळा पडला होता आणि पोटातून बारीक चिरा गेल्या होत्या.

अकरावं कार्ड नडीननं फोडलं.

“ऑर्विल, हे अक्षर तिचं नाही.”

“म्हणजे?”

“दुसऱ्या कोणीतरी लिहून दिलंय. ‘मी अजून आहे’ एवढंच आहे, पण लिहिणारा हात वेगळा आहे. आता तरी ऊठ.”

त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, म्हातारी अंथरुणाला खिळली. दोघांनाही त्यापलीकडचं सुचलं नाही.

आठ दिवसांत चौदावं हेलिकॉप्टर उभं राहिलं. सांध्यावर रेघ होती, तशीच राहू दिली. मग त्यानं माझा एक जादा तुकडा कापून कोमट पाण्यात टाकला, चाचणी म्हणून. सैन्याचं नाव होतं त्यावर. पाण्यात पडताच त्याचे तीसएक तुकडे झाले आणि राखेसारखे तरंगायला लागले. ऑर्विल बशीकडे बघत बसला.

त्यानं उरलेल्या मला स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटपट्टीनं लावलं. उन्हानं पिवळेपणा उतरतो. आठवडाभर मी अंगणातल्या खारी बघितल्या. मग माझ्यावर पातळ रोगणाचा हात देऊन चिरा बुजवल्या. पुढच्या भिजवण्यात टोबिनचं नाव सुटून आलं. शेवटचं अक्षर तुटलं, ते त्यानं सुईच्या टोकानं जागेवर ढकललं. वरून रोगणाचे चार हात, मधे मधे बारीक घासणी. शेवटी डोळे मिटून त्यानं माझ्यावरून बोट फिरवलं. काहीच लागलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो म्हणाला, “जमलं.”

इमोजीनबाई वृद्धाश्रमाच्या ओसरीत बसल्या होत्या, हातात गोड थंड चहाचा पेला. अंथरुणाला खिळलेल्या नव्हत्या. ठणठणीत होत्या.

“कोण आहे?”

“ऑर्विल टॅकेट, मॅम.”

त्यांनी मान डावीकडं वळवली. तो उजवीकडं उभा होता. तेव्हा त्याला कळलं.

“उशीर केलास रे पोरा,” त्या म्हणाल्या. “डोळे गेल्या उन्हाळ्यापर्यंत होते थोडे. भिंगानं भागत होतं. रडतोयस काय? आण इकडं.”

त्यांनी हेलिकॉप्टर मांडीवर घेतलं. पाती मोजली, चाकं फिरवून बघितली. “एवढी चिंचोळी खिडकी? माझा टोबिन आडवा होता चांगला. मावायचा कसा त्यात?”

“कसाबसा, मॅम. रोज शिव्या घालायचा.”

त्या हसल्या. मग म्हणाल्या, “नाव कुठंय?”

ऑर्विलनं त्यांचं बोट धरून माझ्यावर ठेवलं. बोट पुढं गेलं, मागं आलं.

“इथं तर गुळगुळीत आहे.”

“तिथंच आहे, मॅम.”

“मला लागत नाही.”

मित्रांनो, बोटाला न लागणं हा माझा आणि त्याचा अभिमान होता. अकरा वर्षं त्याचीच तयारी चालली होती. जाड, ओबडधोबड, कुंचल्यानं हातानं लिहिलेलं नाव असतं तर त्या माउलीला लागलं असतं. आधीच्या तेरांपैकी एखाद्यावर मी वेडीवाकडी बसले असते, तर तिनं डोळ्यांनी वाचलं असतं.

“मग तू वाच,” इमोजीनबाई म्हणाल्या.

“टोबिन लेडफोर्ड,” ऑर्विलनं वाचलं.

“मोठ्यानं वाच. डोळे गेलेत, त्यात कानही काही चांगले नाहीत.”

त्यानं मोठ्यानं वाचलं. शेजारच्या खुर्च्यांवरची म्हातारी माणसं वळून बघायला लागली.

आता मी त्यांच्या पलंगाशेजारी असते. त्या रोज माझ्यावर बोट घासतात, काही लागतं का बघतात. रोगणाचे चारही हात झिजले. पहिलं अक्षर गेलं, मग शेवटचं तुटकं गेलं, आणि मधली अक्षरं आता धूळ पुसल्यासारखी झाली आहेत. ऑर्विल दर मंगळवारी येतो, रिकाम्या हातानं येतो. तो वाकतो आणि वाचतो. जिथं काही उरलं नाही तिथलंही वाचतो.

मी फार दिवस नाही. तुमच्या घरी कुणासाठी जपून ठेवलेलं काही असेल तर ते आज बाहेर काढा. वाकडं लागलं तर लागू द्या. आणि ज्याच्यासाठी ठेवलंय त्याच्याकडे आधी जाऊन या, हात रिकामे असले तरी. माझ्यासाठी अकरा वर्षं एक दार वाजवायचं राहिलं. दार अर्ध्या तासावर होतं.