तिच्या नावावरचे पैसे

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ते आपल्या चष्म्याच्या दुकानात लेकीच्या चष्म्याची वाकडी झालेली काडी सरळ करत बसले होते. ती एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची, म्हणून त्यांनी तिचं नाव ‘शुद्धिपत्रक’ पाडलं होतं.

“शुद्धिपत्रक, चष्मा उशीखाली घेऊन झोपतेस का गं?”

“वाचता वाचता डोळा लागतो.”

“मग पुस्तक घे उशीखाली. तेवढंच आत झिरपेल.”

ती हसली. काचांवर फुंकर मारत, मान वर न करता त्यांनी विचारलं, “पैसे आले तुझ्या खात्यात?”

“सकाळीच आले.”

“मग दादाला पाठव लवकर. त्याचा जागामालक अगदी मानगुटीवर बसलाय.”

“उद्या पाठवते.”

त्यांनी चष्मा तिच्या नाकावर बसवला, कानामागे जरा दाबला आणि एक पाऊल मागे जाऊन म्हणाले, “आता कसं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर सरकवून बाबा खाली बसले, ते उठलेच नाहीत.

या पैशांची गोष्ट तशी सरळ होती. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे एका माणसानं दुसऱ्याला वर्षभरात ठरावीक रकमेपर्यंत काही दिलं, तर कर लागत नसे. त्यापुढे गेलं की लागे. दादानं फर्निचरचा कारखाना काढला तेव्हापासून त्याला ती मर्यादा कधी पुरलीच नाही. मग बाबांनी वाट काढली. तेवढीच रक्कम दादाला, तेवढीच तिला, आणि तिची चार-दोन दिवसांनी दादाकडे. “कायद्यात बसतं,” ते म्हणायचे, “दोन्ही लेकरांना सारखंच.” ती दर वर्षी ‘बरं’ म्हणायची.

ते चार-दोन दिवस मात्र तिला चैन पडायचं नाही. एका वर्षी तर ती गॅलरी असलेली एक खोली बघून आली होती. भिंतीला हात लावून पाहिला, पुस्तकांचं कपाट कुठे राहील ते ठरवलं, किंमत विचारली, मालकाला फोन नंबरही दिला. घरी आली आणि पैसे दादाला पाठवून दिले. दोन दिवसांनी मालकाचा फोन आला, तो तिनं उचलला नाही.

यंदाचे पैसे अजून तिच्याकडेच होते. बाबा गेल्यापासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. मुद्रितांवरून उठायची, पाणी भरून घ्यायची, न पिताच ठेवून द्यायची. दादाचा फोन यायचा. “घाई नाही गं, सवडीनं बघ.” संध्याकाळी परत. “घाई नाहीये, पण जागामालक ऐकत नाही.”

बाबांच्या मागचे हिशेब सरकारला द्यायचे, म्हणून दोघं करसल्लागार बाईंकडे गेले. बाईंना सर्दी झाली होती. गालात खोकल्याची गोळी धरून त्या बोलत होत्या. त्यांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला.

“इथे सही. दर वर्षीची रक्कम तुम्हाला, तुमच्या स्वतःसाठी, कुठल्याही अटीशिवाय मिळाली.”

तिनं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली.

“ही काही छापायची नाहीये,” दादा म्हणाला. “हिला प्रत्येक ओळीत चूक दिसते हो बाई.”

“आणि तसं नसेल तर?” तिनं विचारलं.

बाईंनी गोळी दुसऱ्या गालात घेतली. “तर ते पैसे वडिलांनी तुमच्या हातून भावालाच दिले असं धरतात. मग मर्यादा ओलांडली जाते. आजवरच्या सगळ्या वर्षांचा कर, वर दंड. बहुतेक दुकान विकावं लागेल. पण तसं काही नाही ना?”

“छे,” दादा म्हणाला. “बाबांनी दोघांना सारखंच दिलंय. कागदावर स्वच्छ आहे.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. दर वर्षी तेच ऐकून त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं.

ती उठली, खिडकीपर्यंत गेली. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, पुढे घेत होतं, पुन्हा मागे. ती परत येऊन बसली. पेन उचललं, खाली ठेवलं.

“अगं, एक सही,” दादा हलक्या आवाजात म्हणाला. “तुझ्या खिशातून काय जातंय?”

ते मात्र खरं होतं. तिच्या खिशातून कधीच काही गेलं नव्हतं, कारण त्यात कधी काही पडलंच नव्हतं.

“बाई,” ती म्हणाली, “मला काही मिळालं नाही. बाबांनी सगळं दादाला दिलं. माझ्या खात्यातून फक्त पुढे गेलं. यंदाचं तेवढं राहिलंय.”

दादाचा चेहरा उतरला. “तुला कळतंय का तू काय बोलतेस? बाबांचं दुकान जाईल.”

“ताई, मी हे एकदा लिहिलं की मागे फिरता येणार नाही,” बाई म्हणाल्या.

“लिहा.”

“इतकी वर्षं गप्प बसलीस,” दादा म्हणाला. “तुला हवं होतं, तर बाबांना सांगायचं होतंस. त्यांनी नाही म्हटलं असतं?”

“माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.” तिनं सही न करताच कागद बाईंकडे परत सरकवला. “मलाही हवं होतं, दादा. दर वर्षी हवं होतं.”