तांदळात लिहिलेलं नाव

माझा थोरला, भागवत, सांगितलेलं ऐकत नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. मी सुमित्रा ठरवलं होतं. याने इंग्रजीत ‘लाईट’ लिहिलं. म्हणे, ती आली की उजेड पडतो. भटजी हसले, वऱ्हाड हसलं. त्याच तांदळाची खीर सगळ्यांनी खाल्ली. नाव पोटात गेलं, पुसायला काही उरलं नाही.

दुसऱ्या सकाळी सूनबाई उजळली. तेवढं चाललं असतं. पण दुपारी भांडी घासता घासता ती जमिनीवरून सुटली.

“हे काय आता?” मी भागवतला विचारलं.

त्याने डिक्शनरी काढली. “आई, या शब्दाचे अर्थ पुष्कळ आहेत. उजेड एक, हलकं दुसरा. मुळंही वेगळी. दोन घरचे शब्द, दिसायला सारखे.”

“म्हणजे एक सून सांगून दोन घरचं सोंग आणलंस.”

मी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत चादर कोंबली. तिच्या पदरात वरवंटा बांधला. वरवंटाही तिच्याबरोबर वर गेला. आता ती वाशाला टेकून बसली, आणि तिचा रंग उडायला लागला.

“फिक्कट हाही अर्थ आहे,” भागवत म्हणाला.

तिच्या आरपार कौलं दिसत होती.

“आई, इथलं एक कौल सरकलंय,” ती वरून म्हणाली. “वारा ओढतोय मला.”

“खाली आणणारा अर्थ वाच,” मी भागवतला म्हणाले. “एवढ्या जाड पुस्तकात नसेल कसा?”

तो पानं उलटत गेला. “एक आहे. जुना. उतरणं. स्वार उतरला की घोड्याचं ओझं हलकं होतं, त्यावरून आलाय.”

“घोडा कुठाय?”

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी हात टेकून ओणवी झाले. ती सावकाश खाली आली आणि माझ्या पाठीवर बसली. मरणाची जड. कंबर कडकडली. मग तिने एक पाय जमिनीला लावला, दुसरा लावला, उभी राहिली.

“आई,” भागवत म्हणाला, “तुझे हात.”

हात फरशीवरून सुटले होते. गुडघेही. वासा डोक्याला लागला, आणि पदर कौलाच्या फटीतून बाहेर गेला.

“भागवत,” मी वरून म्हणाले, “तू कुणाला नाव द्यायच्या लायकीचा नाहीस. तिचं आधीचं नाव काय होतं, ते विचार तिला.”