शेवटच्या अंकातली हाक

"बोलायचं नसेल तर गप्प बस, पण कुजबुजू नकोस, त्याने घशावर उलट जास्त ताण पडतो," आवाजाच्या बाईंनी तिला बजावलं होतं. गवय्यांचे आणि नटनट्यांचे घसे दुरुस्त करण्यात बाईंचे केस पांढरे झालेले. पण तिने हे सांगणं कानाआड केलं. हळू बोललं की आवाज वाचतो, हे काय कुणी शिकवायला हवं?

बाळंतपणानंतरचं हे तिचं पहिलं नाटक. शेवटच्या अंकात एक लांब हाक होती, मागच्या रांगेपर्यंत पोचणारी. त्या हाकेसाठी ती घरात घसा जपत होती. नुकत्याच बोलू लागलेल्या ठमीला भरवताना, निजवताना, रागावतानासुद्धा नुसते श्वासातले शब्द.

"घरात चोर शिरल्यासारखं काय बोलतेस गं?" नवरा म्हणायचा.

"तालमीला आवाज उरायला नको?" हेही कुजबुजूनच.

"म्हणजे धड भांडायचीही सोय नाही."

रंगीत तालमीत हाकेची वेळ आली. तिने छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि बाहेर आली ती निव्वळ हवा. दिग्दर्शक खुर्चीतून हललासुद्धा नाही. "राहू दे आज," एवढंच म्हणाला. तो ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नळीच्या कॅमेऱ्याने घसा पाहिला. पडद्यावर स्वरतंतू लालभडक, सुजलेले.

"कुजबुजत होतीस?"

तिने मान हलवली. नाही.

तेवढ्यात मांडीवरच्या ठमीने टेबलाकडे बोट केलं. "आई, दिवा." ओठ हलले, श्वास आला. आवाज नाही.

बाई ठमीकडे बघत राहिल्या. तिने ठमीचा गळा चाचपला. "बाई, हिचाही घसा गेला?"

बाईंनी ठमीच्या पोटाला गुदगुल्या केल्या. ठमी खणखणीत हसली.

"हिचा ठणठणीत आहे. तुझ्याकडून शिकलीय ती. बोलणं असंच असतं, असं वाटतंय तिला."

"आणि माझी हाक?"

"सूज उतरली तर येईल. प्रयोगाआधी उतरेल, असं खोटं सांगणार नाही."

पहिल्या प्रयोगाला तिच्या जागी दुसरीच नटी उभी राहिली. ती स्वतः घरी पेल्यातल्या पाण्यात नळी धरून बाईंनी सांगितलेला घशाचा व्यायाम म्हणून हूं हूं करत बुडबुडे काढत होती. शेजारी ठमी आपल्या पेल्यात तिच्यापेक्षा मोठ्याने हूं हूं करत होती. हाक मारून बघायचं धाडस तिला अजून झालेलं नाही.

तुमच्या ओळखीत गाणारी, नाटकात काम करणारी कुणी असेल आणि हल्ली फार हळू बोलत असेल, तर एकदा तिच्या घरी जाऊन या. फोनवर विचारू नका. फोनवर ती "बरी आहे" म्हणेल, आणि तेही कुजबुजूनच.