तणसाचा ढीग

गुणवंत सिनेमात पडायचा. तेच त्याचं काम. प्रेम हिरो करायचा, गाणी हिरो म्हणायचा, अन् माडीवरून पडायची वेळ आली की हिरोचे कपडे घालून पडायचा तो गुणवंत! दहा वर्षांत घोड्यावरून पडला, जीपमधून पडला, दोनदा पेटला. पडद्यावर तोंड एकदाही दिसलं नाही.

चौऱ्याऐंशी साली दिवाळीत तो खांदा मोडून ब्रह्मपुरीजवळच्या आपल्या गावी आला. संक्रांतीपर्यंत हाड जुळलं, तसा मुंबईचं नाव काढू लागला. त्याच्या आईनं, रुखमाबाईनं, त्याची बॅग गुपचूप धानाच्या कोठीत पुरून टाकली. नवरा पैजेपायी पुराच्या नाल्यात उतरला अन् वाहून गेला होता. आता पोरगं तरी हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिला कळत होतं.

शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला, सारी पंचक्रोशी लोटली. पट भरवणाऱ्या नथ्थू पाटलानं माईक धरला.

"आपला गुणवंत म्हणे सिनेमात उड्या मारते. कोणं पाह्यलं? होऊन जाऊ दे या आंब्यावरून! खाली तणसाचा ढीग हाये."

शिट्ट्या सुरू झाल्या. रुखमाबाईला वाटलं, बापाचंच रक्त, आता काही ऐकत नाही!

गुणवंत आंब्याकडे गेलाच नाही. धानाच्या वाळल्या काडाच्या त्या ढिगाशी गेला, कोणाची तरी काठी घेतली अन् आत खुपसली. हातभर गेली अन् अडली. वर सुटं तणस, खाली दाबून रचलेल्या पेंढ्या.

"हे सारं उकलून सुटं करा लागते, भाऊ. तासभर लागन."

"तुह्यासाठी पट थांबवू का?"

"मंग नाई."

"भेला रे भेला!" लोक ओरडले. कोणी बांगड्या भरायला सांगितल्या.

"भेलोच," गुणवंत म्हणाला. "भेतो म्हणून तं जिता हाओ." अन् खुशाल शर्यत पाहत बसला.

रुखमाबाईला आधी लाजच वाटली, खोटं कशाला सांगा. घरी जाताना तिनं विचारलं, "मुंबईले बी असाच नाई म्हणतं का?"

"म्हणतो. मागच्या खेपेले तेवढं म्हटलं नाई, म्हणून खांदा गेला."

"काय म्हणून म्हटलं नाई?"

"सारे पाहून राह्यले होते, मा."

घरी आल्यावर तिनं कोठीत खांद्यापर्यंत हात घातला, बॅग ओढून काढली अन् पदरानं तिच्यावरचा भुसा पुसला.

"तुह्या बापानं काठी नेली नोती," ती म्हणाली. "तू नेजो."