बुटांच्या खोक्यातला संगणक

मानवजातीची सगळी प्रगती म्हणजे उष्णतेशी चाललेला एक अखंड झगडा आहे. अग्नी काबूत आला, इंजिने धावली, आणि आता नखाएवढ्या तुकड्यातून अब्जावधी आकडे धावू लागले. या थोर झगड्याची सध्याची आघाडी टिल्लू सांभाळत होता. स्वयंपाकघराच्या फरशीवर, बनियनवर, दातांत स्क्रू धरून.

टिल्लू हे ताईने ठेवलेले नाव. वय पंचेचाळीस, वजन विचारू नये. धंदा, अजून न बांधलेल्या इमारतींची हुबेहूब चित्रे संगणकावर करून बिल्डरांना देण्याचा. त्याला दणकट प्रोसेसर लागतो, आणि दणकट प्रोसेसर चुलीसारखा तापतो. एरवी तो संगणकाच्या चांगल्या ऐसपैस पेटीत मजेत राहत असे. पण बायको गेली. देवाघरी नव्हे, स्वतःच्या नव्या घरी. जाताना फ्रिज घेऊन गेली. हे घर आता उद्या सोडायचे होते. ताईने आपल्याकडे बोलावले होते आणि भाऊजींनी मोठ्या मनाने एक फळी रिकामी करून दिली होती. फळीवर बुटांचे खोके मावत होते, म्हणून टिल्लूने बुटांच्या खोक्याएवढी पेटी आणली आणि प्रोसेसर गार ठेवायला तिच्यात मावेल असा नवा, बुटका कूलर. ती चालली तर तो ताईकडे कामाचा माणूस म्हणून जाणार. नाही चालली तर नुसता पाहुणा, आणि पाहुण्याला फळी तरी कशाला लागते?

बायको गेल्यापासून "कसं वाटतंय?" असे कोणी विचारले की तो "काही नाही" म्हणे. लोकांना ते धैर्य वाटे. त्याला खरोखरच काही वाटत नव्हते.

पेटी काही चालेना. चित्र सुरू केले की प्रोसेसरचे तापमान शंभरी गाठायचे आणि यंत्र मान टाकायचे. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायचे, उष्णता पोचवणारे राखाडी मलम टिल्लूने पुसून पुन्हा लावले. मग पेटीची एक बाजू काढून समोर टेबलफॅन लावला. निम्मा वारा त्याच्याच अंगावर येत होता. त्याचेही त्याला काही नव्हते.

दुपारी ताई सामान बांधायला आली. आल्या आल्या तिने रिमोटवरचे प्लास्टिक ओरबाडायला घेतले.

"अगं, राहू दे!"

"टिल्लू, टीव्ही बिघडून भंगारात गेला. रिमोट अजून गुंडाळलेलाच?"

"म्हणून तर नवा दिसतो."

त्या घरात कशाचेच प्लास्टिक निघत नसे. सोफ्याचे नाही, घड्याळाचे नाही. फ्रिजसुद्धा बायकोने नेला तो प्लास्टिकसकट. दारात ती एवढेच म्हणाली होती, "घरी गेले की आधी हे काढणार आहे."

"जरा टॉर्च धर," टिल्लू म्हणाला. "पुन्हा उघडतोय."

त्याने कूलर उचकटला. ताई वाकली आणि तशीच राहिली.

"हे मलम कशावर चोपडलंयस?"

"कूलरच्या तळावर."

"तळावर प्लास्टिक आहे."

"आहे ना."

"त्यावर लिहिलंय, बसवण्याआधी काढा."

"वाचलं मी. पण तांब्याला ओरखडे पडतात गं."

"तो तळ दिसणार कुणाला?"

टिल्लूने प्रामाणिकपणे विचार केला. "कुणालाच नाही."

  ताईने नखाने प्लास्टिकचा एक कोपरा उचलला आणि कूलर त्याच्यापुढे धरला. टिल्लूने कोपरा चिमटीत पकडला, बराच वेळ नुसताच पकडून ठेवला, आणि ओढला. खाली तांबे इतके लख्ख होते की त्यात एक दाढी वाढलेला माणूस दिसला.

नवे मलम लागले, कूलर बसला, चित्र सुरू झाले. साठ. सत्तर. तिथेच थांबले. पडद्यावर मजल्यामागून मजला चढत गेला. सातव्या मजल्याच्या गॅलरीत, अजून नसलेल्या घरातले एक जोडपे चहा पीत होते. त्याच्याही पुढे मजले चढतच राहिले.

"चाललं की रे!" ताई म्हणाली. "फळी पुसून ठेवायला सांगते यांना. आता कसं वाटतंय?"

"काही..." म्हणून टिल्लू थांबला. त्याच्या दंडावर काटा उभा राहिला होता. त्याने हात काखेत खुपसले.

"ताई, तेवढा पंखा बंद कर ना. गार लागतंय."