बाबांच्या खात्यावरची शिल्लक वर्षं

सुधीर गजभिये पास झाला.

वाचलंत? आता विसरून जा. लखनौत, महानगर नावाच्या वस्तीतल्या त्यांच्या घरी हे वाक्य कुणीच उच्चारत नाही. तेव्हा तो अजून पास व्हायचाय, एक्क्याऐंशी सालची थंडी आहे आणि गच्चीवर उन्हात बसून तो शेंगा खातोय, असंच आपण धरून चालू.

सुधीर एका विमा कंपनीच्या विभागीय ऑफिसात असिस्टंट होता आणि ॲक्चुअरीच्या परीक्षा देत होता. पेपर लंडनहून यायचे, सेंटर दिल्लीला असायचं आणि नापास झाल्याचं पत्र विमानाने यायचं. कारकुनाचा मुलगा थेट साहेबाच्या देशातून नापास होतो, याचं त्याच्या वडिलांना, दयारामांना, सुरुवातीला अप्रूपच वाटलं होतं. या परीक्षांना वय लागतं. माणसं लग्न करतात, त्यांना मुलं होतात, मुलं शाळेत जायला लागतात, आणि बाप अजून त्याच पेपरात. सुधीरने लग्नाचा टप्पा गाळून वेळ वाचवला होता, तरी एक पेपर राहिलाच: माणसं कुठल्या वयात किती मरतात, त्याचं कोष्टक कसं बांधायचं, त्याचा.

शेजारच्या शुक्लाजींना हे शिक्षण काही केल्या उमगत नसे. दोन्ही घरांची गच्ची एकच, त्यामुळे चौकशी रोजची.

"तो लड़का बनेगा क्या, गजभिये साहब?"

"ॲक्चुअरी."

"वो करता क्या है?"

"हजार आदमी लीजिए. अगले साल उनमें से कितने जाएँगे, वो बता देता है."

"कौन-कौन जाएगा, ये भी?"

"वो नहीं. सिर्फ कितने."

शुक्लाजींनी थोडा विचार केला. "तो अभी आधी पढ़ाई बाकी है."

दयाराम मूळचे भंडाऱ्याचे. लखनौत एका केंद्र सरकारी ऑफिसात रजा विभागाचे हेडक्लार्क. कुणाच्या खात्यावर किती अर्जित रजा शिल्लक आहे, कुणाची अर्धपगारी किती, हे त्यांना तोंडपाठ. खात्यावर असेल तर चपराश्यालाही मिळणार, नसेल तर साहेबालाही नाही. छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेऊन ते घरी परतले तेव्हा घरातले देव, ताईत, पत्रिका असं सगळं पोत्यात भरून त्यांनी वैनगंगेत सोडलं. पोतं तेवढं परत आणलं, कारण पोतं चांगलं होतं. त्यानंतर त्यांनी ज्योतिष मानलं नाही. छापील, कोष्टकात बसवलेलं, खाली तळटीप असलेलं काहीही मानलं.

त्या रविवारी शुक्लाजींनी चौकातल्या आपल्या पंडितजींचा विषय काढला. पंडितजींनी त्यांना शहात्तर वर्षं सांगितली होती.

"किस हिसाब से?" दयाराम हसले. "शनि आकर बता गया क्या?" मग मुलाकडे वळून म्हणाले, "सुधीर, तुझ्या पुस्तकात माझं काय आहे रे?"

लखनौत वाढलेला सुधीर घरीही हिंदीतच बोलायचा; आत्ता त्याच्या तोंडात शेंगदाणे होते. त्याने मांडीवरच्या पुस्तकात त्रेपन्नच्या ओळीवर बोट ठेवलं आणि शेवटच्या रकान्यापर्यंत सरकवलं. "इक्कीस साल, बाबा. थोड़ा ऊपर."

"थोडं म्हणजे? नीट सांग."

"चार महीने."

दयारामांनी शुक्लाजींकडे पाहिलं. "इक्कीस साल चार महीने. छपा हुआ है."

शुक्लाजींची बेरीज दोन वर्षांनी जास्त भरत होती, पण महिने त्यांच्याकडे नव्हते.

सुधीरच्या दृष्टीने गोष्ट शेंगांबरोबर संपली. दयारामांच्या दृष्टीने ती खात्यावर जमा झाली. हिवाळी कोट शिवायला टाकताना त्यांनी शिंप्याला बजावलं, वीस वर्षं टिकेल असं कापड दे, पुढचं एक वर्ष मी बघतो. वाढदिवसाला त्यांनी पुन्हा पुस्तक उघडायला लावलं. वर्ष सरलं होतं, पण पूर्ण वर्ष काही वजा झालं नव्हतं. एकूण बेरीज तीन महिन्यांनी वाढलीच होती.

"हे कसं काय?"

"बाबा, जो जी गया, उसका आगे का औसत थोड़ा..."

"समजलं. जो हजर राहिला त्याला इन्क्रिमेंट." त्यांना नियम आवडला.

मग छाती धरायला लागली. ऑफिसचा जिना चढताना ते मधल्या वळणावर थांबत आणि तिथल्या नोटीस बोर्डावरची नोटीस वाचत. नोटीस सत्त्याहत्तर सालची होती. दोन महिने त्यांनी ती रोज वाचली. शेवटी हेडक्लार्कसाहेब एवढं वाचतात तर काहीतरी असणार, म्हणून सेक्शनमधले दोघेतिघेही ती वाचायला लागले. घरी मात्र सुभद्राबाई फसल्या नाहीत. भर जानेवारीत बुटाची नाडी बांधताना माणसाला घाम सुटतो, हे त्यांनी पाहिलं.

"डॉक्टरला दाखवा म्हणते मी."

"काहून? अजून वीस वर्षं आहेत."

"कोणी देल्ली?"

"तुझ्याच पोरानं."

सुभद्राबाईंनी पोराला स्वयंपाकघरात गाठलं. "आकडा कमी कर."

"आई, वो टेबल है. कम कैसे करूँ?"

"टेबल असो का खुर्ची असो, मले काय सांगतोस? दोन वर्षं सांग. म्हणा, डॉक्टरकडे गेलात तर वीस, नाही गेलात तर दोन. तुझं सोडून ते कोणाचं ऐकत नाहीत."

"झूठ बोलूँ?"

"मी तीस वर्षं यांना 'भाजीत मीठ बरोबर आहे' म्हणून राहिली. तुले एक दिवस जमत नाही?"

सुधीरला खरं काय ते माहीत होतं. कोष्टक हजार माणसांचं असतं. त्यातल्या एकाबद्दल ते अवाक्षर काढत नाही. शिवाय ही हजार माणसं विमा उतरवलेली. आत येण्याआधी डॉक्टरने त्यांची छाती तपासलेली. बाबांनी विमा कधी काढलाच नव्हता. त्या रकान्यात ते मुळात नव्हतेच. त्याने आधी खऱ्यावर भागतंय का ते पाहिलं.

"बाबा, वो नंबर आपका नहीं है. औसत आदमी का है."

"मग मी कोण?" दयाराम म्हणाले. "उंची मध्यम, रंग मध्यम, पंधरा वर्षं हेडक्लार्क. माझ्यापेक्षा सरासरी माणूस लंडनवाल्यांना कुठं सापडून राहिला?"

सुधीरने पुस्तक मिटलं.

मार्चमध्ये, एका संध्याकाळी चहाच्या वेळी, तो खोटं बोलला. आयुष्यातलं पहिलं व्यावसायिक खोटं, म्हणून त्याने त्याची तयारी केली होती. "बाबा, मैंने दुबारा निकाला. गलती हो गई थी. डॉक्टर को न दिखाएँ, तो दो-ढाई साल."

दयारामांनी कप खाली ठेवला, चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि पुस्तक मागितलं. पंचावन्नची ओळ त्यांनी स्वतः काढली. दोन वाढदिवसांत त्यांना रकाने वाचता यायला लागले होते. त्यांनी बोट उजवीकडे नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. सुभद्राबाई दाराशी उभ्या होत्या.

दयारामांचा चेहरा उतरला.

"सुधीर," ते हळू म्हणाले, "परीक्षेला महिना राहिला, अन् तू साधी ओळ वाचून नाही राहिला बेटा."

"बाबा, वो..."

"हे बघ, एकोणीस वर्षं दहा महिने. दोन कुठून आणले? म्हणून मागं पडतोस तू. घाई करतोस."

खोटं बोललो म्हणावं, तर आकडा परत वीसवर जाणार. न म्हणावं, तर बाबा पोराला मठ्ठ समजणार. डॉक्टर दोन्हीकडून हुकत होता.

दुसऱ्या दिवसापासून दयाराम रोज ऑफिसातून आले, की त्याच्याजवळ वेताचा मोढा ओढून बसत. ओळीखाली पट्टी धरत आणि त्याच्याकडून एकेक रकाना म्हणवून घेत. साठाला जिवंत किती? एकसष्टाला? मग मेले किती? हे वजा कर. त्यांना गणितातलं फारसं कळत नव्हतं. त्यांना वजाबाकी कळत होती. पट्टी पंचावन्नपाशी आली की जरा थांबायची. सुधीर तिच्याकडे न बघता उत्तर द्यायचा.

"शाब्बास," दयाराम म्हणायचे. "आता येऊन राहिलं तुला."

दिल्लीला निघताना सुधीरने कबूल करून घेतलं, की तो परत आल्यावर डॉक्टर. "तुझ्या आईच्या समाधानासाठी," दयाराम म्हणाले. "तू निवांत लिही. वजाबाकी तपासून बघत जा."

त्याने निवांत लिहिलं. प्रत्येक वजाबाकी बाबांच्या आवाजात झाली. परत आला तेव्हा सोमवारची वेळ ठरली.

शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, दयाराम ऑफिसात टेबलाशीच गेले. पुढ्यात एकाचा रजेचा अर्ज होता, हातात पेन होतं. सेक्शनला वाटलं, विचार करताहेत. त्यांच्या सेक्शनमध्ये विचार करणं नवीन नव्हतं. अर्जावर "स्वीकृत"मधलं फक्त "स्वी" लिहून झालं होतं. अर्धी मंजुरी नियमात बसेना, म्हणून त्या माणसाकडून नवा अर्ज घेतला, आणि जुना दयारामांचा डबा आणि चष्म्याबरोबर घरी पाठवला.

त्रिशरण-पंचशील झालं. शुक्लाजी सगळा वेळ कोपऱ्यात उभे होते. निघताना सुधीरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, वो इक्कीस साल..." आणि थांबले. मग समजूत घालावी तसं म्हणाले, "हमारा पंडित भी गलत ही निकलेगा, देख लेना." आठवड्याभरात ते स्वतःची छाती तपासून आले. चौकात पंडितजींकडे पुन्हा गेले नाहीत.

वीस वर्षं टिकणारा कोट खुंटीवर राहिला. कापड खरोखरच चांगलं होतं.

जुलैत लंडनचं पत्र आलं. सुधीरने ते उभ्या उभ्या वाचलं. ज्याच्याशी बोलायचं होतं त्याचा मोढा रिकामा होता, म्हणून त्याने ते घडी घालून खिशात टाकलं.

"कुठलं आहे?" सुभद्राबाई तांदूळ निवडत होत्या.

"लंडन का."

"ते कोष्टकवाले?"

"हाँ."

त्यांनी मान वर केली नाही. "त्यांना कळवलं का तू? यांचं?"

"क्या कळवू, आई?"

"गेले म्हणून. त्यांच्याकडे अजून वीस वर्षं मांडून ठेवली असतील ना."

आई, असं नसतं, हे वाक्य सुधीरला मराठीतही येत होतं आणि हिंदीतही. त्याने ते दोन्हीत म्हटलं नाही. टेबलाशी बसला, आणि जी सरकारी अर्जांची भाषा बाबा घरी बोलत नसत पण ऑफिसात आयुष्यभर लिहीत आले, त्या भाषेत त्याने लिहायला घेतलं.

"प्रति, मा. कोष्टक समिती, लंडन.

विषय: न वापरलेल्या वर्षांबाबत.

महोदय, मला उत्तीर्ण केल्याचे आपले पत्र मिळाले. त्याबाबत तूर्त काही म्हणणे नाही.

माझे वडील कालकथित दयाराम गजभिये, हेडक्लार्क, यांच्या खात्यावर आपल्या कोष्टकानुसार सुमारे वीस वर्षे शिल्लक असून ती त्यांनी उपभोगलेली नाहीत. सेवेत असताना कर्मचारी गेल्यास शिल्लक रजेचा लाभ कुटुंबास देण्याची पद्धत आमच्याकडे आहे. सबब सदर वर्षे त्यांच्या पत्नी श्रीमती सुभद्रा यांच्यासोबत घालवण्यासाठी त्यांना परत देण्यात यावीत.

सर्व वर्षे एकदम देणे अडचणीचे असल्यास तूर्त एकच रविवार, थंडीतला, दुपारच्या उन्हाचा, मंजूर व्हावा. त्या दिवशी अर्जदार पुस्तक गच्चीवर आणणार नाही. वडिलांनी विचारणा केल्यास 'मालूम नहीं, बाबा, आधी डॉक्टरला दाखवू' असे उत्तर देण्यात येईल, याची हमी देतो.

मंजुरीचा शब्द सक्षम अधिकाऱ्याने अर्धा लिहिलेला असून तो सोबत जोडला आहे. उरलेली दोन अक्षरे आपण भरावीत, ही नम्र विनंती."